लोखंडाचे दोन रंग

रत्नागिरीला दोन समुद्र आहेत, एक पांढरा आणि एक काळा. पाणी अर्थातच एकाच अरबी समुद्राचं, फरक वाळूचा. मिऱ्याकडे जाताना लागतो तो पांढरा समुद्र, आणि मांडवीची पुळण काळसर म्हणून तो काळा समुद्र. ओहोटीला मांडवीच्या पुळणीवर लोहचुंबक फिरवला, तर बारीक काळे कण मिशांसारखे ताठ उभे राहून त्याला चिकटतात. या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही दोन खनिजं असतात. सह्याद्रीचा काळा कातळ झिजला, नद्यांनी त्याचा चुरा समुद्रात आणला, लाटांनी हलकी वाळू पुढे नेली आणि जड कण मागे ठेवले. चुंबकाकडे झेपावतात ते कण मॅग्नेटाइटचे.

किनारा सोडून वर सड्यावर गेलं की रंग पालटतो. तिथे जांभा. घरांच्या भिंती, गडगे, पाखाड्या, विहिरींची बांधणी, सगळं तांबडं. तोही मूळचा तोच काळा कातळ. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. मुबलक हवा मिळालेलं हे लोखंड लाल झालं. जमिनीच्या पोटात, वितळलेल्या खडकात, ऑक्सिजनच्या टंचाईत घडलेलं मॅग्नेटाइट मात्र काळंच राहिलं. लाल ऑक्साइडमध्ये लोखंडाच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन अणू असतात. काळ्यात तीनामागे चार. फरक एवढासाच, पण त्यावर सबंध शहराचा रंग ठरला आहे.

हेच काळं खनिज इंग्लंडमधल्या लाखो घरांत, भिंतीवर टांगलेल्या पोलादी पेट्यांच्या पोटात दर हिवाळ्यात तयार होत असतं. तिथे ते कुणालाच नको असतं.

रत्नागिरीत जानेवारीतली पहाटही साधारण १८-२० अंशांची. अंगावर एक शाल पुरते. घर तापवायचा विचार इथे कुणाच्या मनात येत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल घर तापवल्यावाचून भागत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, म्हणजे तिथली थंडी मराठी माणसाला नवी नाही. तरी दरवर्षी कोकणातून कुणीतरी लेस्टरला, स्लावला, मँचेस्टरला नव्याने जाऊन पोहोचतं, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याची या यंत्रणेशी गाठ पडते. स्वयंपाकघराच्या एखाद्या कपाटात गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी ६०-७० अंशांपर्यंत तापवतो, पंप ते पाणी घरभर फिरवतो, प्रत्येक खोलीतला रेडिएटर त्यातली उष्णता हवेला देतो आणि निवलेलं पाणी पुन्हा बॉयलरकडे येतं. या पाण्याने कुणी अंघोळ करत नाही, ते नळाला येत नाही. तेच ते पाणी वर्षानुवर्षं त्याच नळ्यांतून फिरत राहतं.

बंद वर्तुळात बाहेरून माती येत नाही, पालापाचोळा पडत नाही. मग दहा-बारा वर्षांनी रेडिएटर उतरवला, की त्यातून शाईसारखं काळं पाणी आणि तळाशी चिखल कुठून येतो? आलेला नसतोच, तिथेच बनलेला असतो. तो रेडिएटरचा पत्रा आहे. यंत्रणा स्वतःलाच आतून खात असते, आणि खाल्लेलं तिच्याच पोटात साठत असतं.

नवं पाणी भरलं की त्यात विरघळलेली हवाही आत जाते. थंड पाण्यात लिटरमागे ऑक्सिजन असतो साधारण ८ ते ११ मिलिग्रॅम. घरगुती यंत्रणेत शंभर लिटर पाणी धरलं, तर ऑक्सिजन झाला जेमतेम एक ग्रॅम. हा एक ग्रॅम सुमारे अडीच ग्रॅम लोखंड गंजवतो आणि त्यातून साडेतीन-पावणेचार ग्रॅम मॅग्नेटाइट बनतं, चहाचा चमचाही भरणार नाही इतकं. ऑक्सिजन संपल्यावर लोखंड पाण्याशीच सावकाश अभिक्रिया करतं आणि हायड्रोजन सोडतं. पण पत्र्यावर काळ्या ऑक्साइडचा घट्ट थर बसला की हा वेगही मंदावतो. म्हणजे एकदा भरलेल्या आणि पुन्हा न उघडलेल्या यंत्रणेत फारसा गाळ व्हायलाच नको.

तरीही प्रत्यक्षात गाळ निघतो, कधी किलोच्या मापात. चमचा आणि किलो यांच्यात जो फरक आहे, त्यातच रोगाचं निदान आहे. एवढा गाळ निघाला याचा अर्थ हवा एकदा नव्हे, रोज आत येत होती. कुठे तरी एखादा सांधा थेंबथेंब गळत होता आणि घरमालक दाब उतरला की नळ उघडून नवं पाणी भरत होता. त्या प्रत्येक भरण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जात होता. किंवा जुन्या पद्धतीची यंत्रणा असेल, माळ्यावर उघडी टाकी असलेली, आणि पंपाच्या चुकीच्या जागेमुळे पाणी त्या टाकीत उसळून हवा घेऊन परतत असेल. किंवा प्लास्टिकच्या नळ्या असतील. साध्या प्लास्टिकमधून पाणी बाहेर येत नाही, ऑक्सिजन मात्र आत झिरपतो; म्हणून या कामाच्या नळ्यांना ऑक्सिजन अडवणारा वेगळा थर द्यावा लागतो. हे कारण न शोधता नुसता गाळ काढणारा प्लंबर पुढच्या पाच वर्षांचं काम स्वतःसाठी राखून ठेवतो, असंच म्हणावं लागेल.

गाळ आहे की नाही हे हाताला कळतं. मॅग्नेटाइट पाण्याच्या पाचपट जड. रेडिएटरमध्ये पाण्याचा वेग कमी, त्यामुळे ते तिथेच तळाला बसतं, बहुधा खालच्या बाजूला मधोमध. वरचा भाग चटका देणारा आणि खालचा थंडगार असेल, तर तळाशी गाळ आहे. उलट खालचा भाग गरम आणि वरचा थंड असेल, तर वर वायू साठला आहे. वरच्या कोपऱ्यातला बारीक स्क्रू किल्लीने सैल केला की तो फुसफुसत बाहेर पडतो. ती दरवेळी हवाच असेल असं नाही. पुष्कळदा तो हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो, त्यामुळे त्याच्याजवळ काडी ओढून पाहण्याचा उद्योग कुणी करू नये. वारंवार वायू काढावा लागतो, म्हणजे आत लोखंड गंजतं आहे, आणि आज वर जो वायू निघाला त्याच्या जोडीचा गाळ खाली पडतो आहे.

सगळ्यात मोठी हानी मात्र रेडिएटरची होत नाही, पंपाची आणि बॉयलरची होते. अलीकडच्या पंपांच्या फिरत्या भागात कायमचुंबक असतात. चुंबकाजवळून मॅग्नेटाइटचं पाणी जाऊ द्यायचं म्हणजे काय होणार हे मांडवीच्या पुळणीवरचं पोरगंही सांगेल. बॉयलरमधल्या उष्णता-विनिमयकाच्या वाटा मिलिमीटरच्या मापात अरुंद असतात. तिथे गाळ अडला की घर थंड आणि गॅसचं बिल मात्र चढतं.

सफाईची साधी तऱ्हा म्हणजे रेडिएटर उतरवून परसात न्यायचा आणि बागेतल्या नळीने उलटसुलट धुवायचा. तो पाण्याने भरलेला असताना भलता जड असतो आणि दोन्ही टोकांना बोळे न लावता घरातून नेला, तर त्यातल्या काळ्या पाण्याचे डाग गालिच्यावरून निघत नाहीत. एखाद-दुसरा रेडिएटर बिघडला असेल तर हे पुरतं. सगळी यंत्रणाच तुंबली असेल, तर येतो तो पॉवरफ्लश. नावावरून वाटतं की पाणी प्रचंड दाबाने मारत असतील. तसं काही नसतं. दाब कमीच ठेवतात, कारण आतला पत्रा झिजलेला असतो. वाढवतात तो प्रवाह. बाहेरचं यंत्र पंपाच्या जागी जोडतात. गाळ सुटा करणारं रसायन पाण्यात घालून काही वेळ सगळीकडे फिरवतात. मग एक सोडून बाकी सगळे रेडिएटर बंद करतात, म्हणजे पूर्ण प्रवाह त्या एकातूनच जातो. यंत्रावरचा दांडा फिरवून प्रवाहाची दिशा उलटवतात, पुन्हा सुलटवतात. त्याच वेळी रेडिएटरवर रबरी हातोडीने टकटक करतात किंवा कंपन देणारं यंत्र टेकवतात, म्हणजे तळाचा थर हलतो. एक झाला की दुसरा, मग तिसरा. प्रवाहात एक मोठा चुंबक धरलेला असतो. थोड्या थोड्या वेळाने तो काढला की त्यावर काळ्या लोण्यासारखा लगदा बसलेला दिसतो. शेवटी पाणी नितळ येईपर्यंत सगळं बदलतात.

आम्लयुक्त रसायन वापरलं असेल, तर ते उदासीन करून पूर्ण धुऊन टाकणं भाग असतं. घाईत हे राहिलं, तर गाळ काढायला आणलेलं आम्ल पुढचा हिवाळाभर पत्रा खात बसतं. आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी, पण कामगार सांगतातच असं नाही: जुन्या रेडिएटरला पडलेली बारीक भोकं कधीकधी गाळानेच बुजवलेली असतात. गाळ गेला की भोक मोकळं. मग सफाईच्या दुसऱ्या दिवशी भिंतीखाली पाण्याचं थारोळं दिसतं आणि भांडण सुरू होतं. पत्राच संपलेला असेल, तर त्यावर रसायनाचा उपाय नाही, रेडिएटर बदलायचा.

धुतल्यावर नुसतं नवं पाणी भरून निघून जाणं म्हणजे पुन्हा एक ग्रॅम ऑक्सिजन भरून जाणं. म्हणून शेवटी पाण्यात गंजरोधक घालतात. ही रसायनं धातूवर अतिशय पातळ थर धरतात आणि पाणी-पत्रा यांची गाठ पडू देत नाहीत. ब्रिटनमधल्या बीएस ७५९३ या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीने सफाई आणि गंजरोधक यांच्या जोडीला नळीत कायमचा फिल्टर बसवायलाही सांगितलं आहे. तो बहुधा चुंबकी असतो: बॉयलरकडे परतणाऱ्या नळीवर छोटा डबा, आत चुंबक. वर्षातून एकदा बॉयलर तपासायला माणूस आला की तो डबा उघडून पुसतो.

कोकणातल्या वाचकाला हे सगळं फार परकं वाटायचं कारण नाही. अशी एक यंत्रणा त्याच्या दारातही उभी असते, गाडीच्या बॉनेटखाली. तिथेही आग आहे, पाणी फिरवणारा पंप आहे, थर्मोस्टॅट आहे, रेडिएटर आहे. इंग्लंडच्या घराला उष्णता हवी असते, गाडीला ती टाकून द्यायची असते, एवढाच काय तो फरक. साखरप्याच्या पुढे आंबा घाटाचा चढ लागला की कोणाच्या गाडीत किती गाळ आहे हे उघडं पडतं. काट्याची सुई चढते, वळणावर गाडी बाजूला घेतली जाते, बॉनेट वर होतं आणि बाटल्या निघतात. गरम रेडिएटरचं झाकण त्याच वेळी उघडणारे महाभागही असतात; दाबाखालचं ते पाणी झाकण सुटताच वाफ होऊन तोंडावर येतं.

गॅरेजमधला मिस्त्री झाकण उघडून पाहतो आणि म्हणतो, ‘पाणी लाल झालंय, रेडिएटर चोक आहे.’ घरातला गाळ काळा आणि गाडीतला लाल का, याचं उत्तर पुन्हा ऑक्सिजनमध्येच. गाडीचं झाकण दर चार दिवसांनी उघडलं जातं आणि विहिरीचं ताजं पाणी ओतलं जातं. बिडाच्या इंजिन-ब्लॉकला हवा पुरेपूर मिळते, गंज लाल होतो. पूर्वीचे रेडिएटर पितळ-तांब्याचे असायचे. त्यांची टाकी डाख सोडवून उघडायची, चपट्या नळ्यांतून पातळ पट्ट्या घालून खरवडायचं आणि पुन्हा डाख द्यायचा, असं काम गॅरेजात होई. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरांना प्लास्टिकच्या टाक्या असतात. ते उघडून खरवडता येत नाहीत, तुंबले की बदलतात. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा रिवाजही बरीच वर्षं चालला. त्याने रोग बरा होत नाही, इंजिन गरम व्हायला मात्र उशीर लागतो आणि डिझेल जास्त जळतं.

कूलंटबद्दल कोकणात एक गैरसमज पक्का आहे: आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग ते कशाला? बर्फ न होऊ देणं हे कूलंटचं एक काम. दुसरं काम त्यातल्या गंजरोधकांचं, आणि रत्नागिरीतही त्याची निकड इंग्लंडपेक्षा कमी नाही. मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमारांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्या बोटींत इंजिनासाठी गोड्या पाण्याचं वर्तुळ वेगळं आणि त्याला थंड करणारं समुद्राचं पाणी वेगळं असतं, तिथे खाऱ्या पाण्याच्या बाजूला जस्ताचे तुकडे बसवतात. जस्त आधी गंजतं, बाकीचा धातू वाचतो. जस्त संपलं की नवं लावायचं.

कोकणातलं पाणी हलकं, म्हणून भांड्यांना आणि गिझरला क्षारांचा त्रास नाही, असं इथे अभिमानाने सांगितलं जातं. ते बरंचसं खरं आहे. जांभ्यातला चुना कधीच वाहून गेलेला असल्यामुळे त्यातून झिरपणाऱ्या पाण्याजवळ दगड बनवायला फारसं काही उरत नाही. खाडीकाठच्या मचूळ विहिरी सोडल्या, तर पाणी मऊ. घाटावरची बोअरवेलची पाणी जड. त्यात विरघळलेला कॅल्शियमचा बायकार्बोनेट तापवला की फुटतो आणि पांढऱ्या कार्बोनेटचा थर गिझरच्या कॉइलवर चढतो. हा दगड उष्णता तांब्याच्या शंभराव्या हिश्शानेही वाहून नेत नाही, त्यामुळे आत कॉइल लालबुंद आणि बाहेर पाणी कोमट. पण हलक्या पाण्याचा दुसरा पैलू सहसा कुणी सांगत नाही. जांभ्यातलं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि संरक्षक थर म्हणून बसायला त्यात चुनाही नसतो. जड पाणी भांड्यावर चढतं. हलकं पाणी भांडं खातं. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, बोटीवरच्या जस्तासारखीच बळी जाण्यासाठी ठेवलेली. घाटावरचा माणूस क्षार काढायला तरी गिझर उघडतो. कोकणातला उघडतच नाही, आणि कांडी संपून टाकीच गळायला लागते तेव्हा त्याला तिचा पत्ता लागतो.

जुन्या पिढीने हा प्रश्न भांड्याचा धातू निवडूनच सोडवला होता. न्हाणीघरातला हंडा तांब्याचा, बंब तांब्याचा, आणि खाली जळण म्हणून सोडणं, करवंट्या, चुडतं. तांबं पाण्याशी अशी झटापट करत नाही. काळवंडलं की चिंचेने किंवा आमसुलाने घासलं की झालं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, आमसुलात हायड्रॉक्सिसायट्रिक. गिझरचे क्षार सोडवायला बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ भुकट्यांमध्ये लिंबातलं सायट्रिक आम्ल असतं, म्हणजे हे सगळं एकाच घराण्यातलं.

जिल्ह्यात निसर्गाने तापवलेलं पाणीही आहे. संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी. दापोली तालुक्यात उन्हवरे. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे लेस्टरच्या रेडिएटरइतकंच गरम. इथे ते अंघोळीपुरतंच वापरलं जातं. आइसलंडच्या रेक्याविकमध्ये १९३० साली अशाच गरम झऱ्यांचं पाणी तीन किलोमीटर नळीने शहरात आणून त्यावर शाळा आणि घरं तापवायला सुरुवात झाली, आणि आज जवळपास सगळं शहर त्यावर आहे. तिथल्या नळ्या टिकल्या, कारण त्या भूगर्भीय पाण्यात थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा वास सडक्या अंड्यांचा, पण तो पाण्यात शिरलेला ऑक्सिजन संपवतो. १९९० मध्ये नेस्यावेल्लिर इथून दुसऱ्या प्रकारचं पाणी आलं: साधं भूजल, भूगर्भीय वाफेवर तापवलेलं. त्यातला ऑक्सिजन आधी यंत्राने काढून घेतात, मगच ते नळीत सोडतात. एवढी काळजी घेऊनही एक फटका बसलाच. दोन्ही पाणी एकाच जाळ्यात मिसळली, तेव्हा एकातलं मॅग्नेशियम आणि दुसऱ्यातली सिलिका यांची गाठ पडून नळ्यांत थर जमू लागला. तेव्हापासून शहराच्या एका भागाला एक पाणी, दुसऱ्याला दुसरं, अशी व्यवस्था आहे.

घरातल्या पाण्यात गंजरोधक उरलं आहे की नाही, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन बरण्या घ्यायच्या. एकीत रेडिएटरच्या निचऱ्याच्या तोटीतून काढलेलं पाणी, दुसरीत नळाचं. दोन्हींत एकेक चकचकीत, गॅल्व्हनाइज न केलेला लोखंडी खिळा टाकून आठवडाभर ठेवायच्या. नळाच्या पाण्यातला खिळा तांबूस होणारच. रेडिएटरच्या पाण्यातला खिळा चकचकीत राहिला, तर अजून काही वर्षं कुणाला बोलवायची गरज नाही. तोही तांबूस झाला, तर आधी गळका सांधा शोधायचा, मग गंजरोधकाची बाटली आणायची. सगळं पाणी सोडून ताजं भरायची घाई करायची नाही. रत्नागिरीत गाडीच्या कूलंटवरही हीच परीक्षा चालते. नमुना फक्त इंजिन पूर्ण थंड झाल्यावर काढायचा आणि बरणी मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं.